अंगठा

गोडोलीत आमच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे.
अकरा वर्षं तो तिथंच आहे.
केतकीला तो रविवारी सापडला.

"आई, जरासंच लागलंय,"
हे तिनं बंपरपुढं उभं राहून सांगितलं,
लहानपणी फुटलेला गुडघा
तळहातानं झाकून यायची, तशी.

मागचा बंपर, डावा कोपरा.
वाटीएवढा खड्डा, त्याखाली वीतभर ओरखडे,
त्यांत खांबाचा पिवळा रंग भरलेला,
नखात हळद राहते तसा.

शोरूमवाला साडेसहा हजार म्हणाला.
वर म्हणाला, मॅडम, नवीनच टाका की.
मी म्हणाले, बघते.
आमच्याकडे 'बघते' म्हणजे नाही.

सोमवारी रजा टाकली.
दोन पातेली कढत पाणी.
केतकीनं वरून ओतायचं,
मी भांडी घासायचे रबरी मोजे घालून
आतून रेटायचं.
आधी ऐकेना. मग एकाएकी
'टॉक' म्हणाला आणि बाहेर आला,
जसं काही झालंच नव्हतं.

पत्र्याला हे जमत नाही.
पत्रा एकदा दबला की हातोडी मागतो.
प्लॅस्टिकला आपला आकार पाठ असतो,
कुणी कढत पाणी ओतायचा अवकाश.
मला थोडा हेवाच वाटला.

ओरखडे मात्र पाण्यानं जात नाहीत.
राधिका रोडवरून पॉलिश पेपर आणले,
दोनशे वीस, चारशे, हजार,
पुट्टी, हार्डनर, चंदेरी रंगाचा डबा.
"कोण करणार?" दुकानदारानं विचारलं.
मी, म्हटल्यावर हसला, पण चांगलं हसला,
आणि एक पेपर जादा दिला.

बादलीत बुडवायचा, घासायचा. बुडवायचा, घासायचा.
चंदेरी गेला. खाली राखाडी.
ते असतंच, म्हटलं.
राखाडीखाली गुलाबी निघालं.
पुट्टी. आमची नव्हे.

"एकदाही कुठं लागलेली नाही, ताई,"
वाठारचे फडतरे म्हणाले होते,
दत्ताच्या फोटोखाली बसून, चावी पुढं करत.
त्या वाक्यावर मी घासाघीस करायची विसरले होते.

शिवी ओठांवर आली तेवढ्यात केतकी म्हणाली, थांब.
गुलाबीच्या मधोमध एक ठसा.
कुणीतरी ओल्या पुट्टीवर बोट टेकवलेलं,
वाळली का बघायला.
रेघांत राखाडी रंग बसून राहिलेला,
म्हणून एकेक रेघ मोजता यावी अशी.

केतकीनं आपला अंगठा शेजारी धरला.
तो तिच्या निम्मा.

मग आठवलं.
आम्ही गाडी आणली त्या दिवशी एक पोरगा होता तिथं,
दुसरीतला असेल, फार तर तिसरीतला.
पेढ्यालाही पुढं आला नाही.
गाडीच्या मागं उभा, याच कोपऱ्यावर हात ठेवून.
मला वाटलं, गाडी जातेय म्हणून हिरमुसलाय.
"काढ रे हात," फडतरे दोनदा म्हणाले.
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

पोरगा निरोप देत होता
की काही झाकत होता, आता कोण सांगणार.

बराच वेळ आम्ही बोललो नाही.
चारशेचा पेपर मी आजूबाजूनंच फिरवला.
नवी पुट्टी बंद पडलेल्या एटीएम कार्डानं ओढली,
त्या जागेवर अगदी पातळ,
लेकराच्या कपाळाला भस्म लावावं तशी.
मग टेप, रविवारचा पेपर, प्रायमर.
डबा हलवताना आतली गोळी टणटण वाजते,
शेजारचे डांगे काका गॅलरीतून बघून गेले.
किल्ल्यावरून वारा सुटला
आणि एक चिलट रंगात बसलं.
राहू दे, केतकी म्हणाली.

रंग काही तंतोतंत जुळला नाही.
सावलीत जुळतो.
उन्हात तो कोपरा जरा जास्तच नवा दिसतो.

संध्याकाळी हात रॉकेलनं पुसताना तिनं विचारलं,
"कधी विकायची झाली ना गाडी,
तर आपण खरं सांगू या?"

मी म्हणाले, बघते.